खोगीर बसते की रुतते?

सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या घोडेबाजारात जाणकार मंडळी घोडा पाहतात तेव्हा त्यांची नजर ठरलेल्या वाटेने फिरते. आधी दात, मग पाय आणि खूर, मग चाल, मग अंगावरचे भोवरे. देवमण आहे का, पंचकल्याणी आहे का, यावर बराच काथ्याकूट चालतो. पाठीवरून मात्र कौतुकाने एक हात फिरवला की काम झाले असे मानतात. ज्या जागेवर पुढची दहा-पंधरा वर्षे ओझे यायचे आहे, तीच जागा सर्वांत कमी तपासली जाते. खोगिराचेही तसेच. कातडे कसले, शिलाई कशी, किंमत किती, हे विचारले जाते. ते कोणत्या पाठीवर जाणार आहे हे क्वचितच कोणी विचारते. घोडेस्वारीच्या क्लबांपासून थंड हवेच्या ठिकाणच्या तट्टांपर्यंत हीच परिस्थिती आहे. खोगीर घोड्याला नीट बसते की नाही हे कसे ओळखायचे, बसत नसेल तर काय दुरुस्त करता येते, या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत जगभर पुष्कळ काम झाले आहे. त्यातले काय पक्के ठरले, कशावर अजून वाद आहे आणि आपल्यापर्यंत त्यातले काय पोचले, याचा हा आढावा.

सुरुवात पाठीपासूनच करायला हवी. घोड्याच्या छातीच्या भागात १८ मणके आणि बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. मान संपते तिथे जो उंचवटा दिसतो, ज्याला क्लबांत 'विदर्स' म्हणतात, तो म्हणजे पुढच्या मणक्यांवरून वर निघालेले लांब काटे. त्यांच्या माथ्यावर मांस जवळजवळ नसतेच. कातडी, थोडे अस्थिबंध आणि लगेच हाड. या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना खांद्याची पाती असतात. घोड्याला हासळीचे हाड नसते. त्याचे पुढचे पाय धडाला केवळ स्नायूंनी आणि अस्थिबंधांनी बांधलेले असतात, त्यामुळे पाय पुढे पडला की खांद्याच्या पात्याचे वरचे टोक मागे झुकते. उभ्या घोड्यावर बरोबर दिसणारे खोगीर चालत्या घोड्याला का टोचते, याचे अर्धे उत्तर या एका हालचालीत आहे. पात्याच्या मागून सुरू होऊन कण्याच्या दोन्ही बाजूंनी लांबच लांब स्नायू जातो. स्वाराचा भार याच स्नायूवर आणि त्याखालच्या बरगड्यांवर यायला हवा. कण्यावर काहीही टेकता कामा नये, आणि अठराव्या बरगडीच्या मागे खोगीर जाता कामा नये. तिथून पुढे कंबर लागते आणि तिला बरगड्यांचा आधार नसतो.

ही समज आजची नाही. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफनने घोडेस्वारीवर ग्रीक भाषेत पुस्तक लिहिले. मधोमध कणा उठून दिसणाऱ्या पाठीपेक्षा दोन्ही बाजूंना मांस चढून मधे खोलगट झालेली पाठ बसायला बरी, असे त्याने त्यात नोंदवले आहे. तेव्हा सांगाड्याचे खोगीरही नव्हते आणि रिकिबीही नव्हत्या, कापडावरच बसत. पुढे सांगाडा आला आणि भार दोन बाजूंना वाटता येऊ लागला, पण त्याबरोबर एक नवी अडचणही आली. सांगाडा कडक असतो, पाठ मऊ आणि हलती. दोघांचा आकार जुळला नाही तर हार पाठीचीच होते. आपल्याकडचे जुने देशी खोगीर म्हणजे भरण घातलेली जाड गादी, तिच्याखाली घाशा म्हणजे पाठीवर अंथरायचे कापड, वरून तंग म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा. ते पाठीचा आकार घ्यायचे, पण भरण दबले की स्वाराचे वजन थेट कण्यावर उतरण्याचा धोका राहायचा. सांगाड्याचे की बिनसांगाड्याचे, हा वाद आज पुन्हा ताजा झाला आहे. त्याकडे पुढे येतो.

सैन्यांना मात्र न बसणाऱ्या खोगिराचा प्रश्न फार महागात पडला. पाठ सोलवटलेला घोडा म्हणजे पायदळात जमा झालेला स्वार. अमेरिकी घोडदळाने १८५९ साली स्वीकारलेल्या मॅक्लेलन खोगिराला मधोमध उघडी फट ठेवलेली होती, म्हणजे कण्याला हवा लागावी आणि त्यावर काही टेकू नये. ब्रिटिश सैन्यातले पशुवैद्य फ्रेडरिक स्मिथ यांनी १८९१ साली खोगिरे आणि लागलेल्या पाठी यांवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. तरीही १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात ब्रिटिशांचे तीन लाखांहून अधिक घोडे कामी आले. उपासमार, रोग आणि अतिश्रम ही त्याची मोठी कारणे होती; लागलेल्या पाठींचाही त्यात वाटा होता. खोगीर घोड्यागणिक वेगळे बसते आणि घोडा हडकला की तेच खोगीर बसेनासे होते, ही गोष्ट त्या काळच्या लष्करी पशुवैद्यांना पुरती ठाऊक होती. घोडदळे मोडीत निघाली आणि हे ज्ञान बरेचसे कागदावरच राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, हौशी स्वारांच्या जगात, ते पुन्हा शोधावे लागले.

आता प्रत्यक्ष तपासणी. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक माहिती याच पायरीवर हाती लागते आणि तिला एक पैसाही लागत नाही.

घोडा सपाट जमिनीवर, चारही पायांवर सारखा भार देऊन उभा करावा. मान फार वर नको, फार खालीही नको. खोगीर आणण्याआधी दोन्ही तळहात पाठीवर ठेवून विदर्सपासून कमरेपर्यंत सावकाश, सारख्या दाबाने फिरवावेत. कुठे स्नायू आखडतो, कुठे घोडा पाठ खाली घेतो, कुठे कान मागे जातात, ते पाहावे. विदर्सच्या मागे दोन्ही बाजूंना खळगे पडले असतील तर त्या जागी स्नायू झिजला आहे. अरुंद सांगाड्याने वर्षानुवर्षे तिथे दाब दिल्याची ही खूण असू शकते. काळ्या किंवा तांबड्या घोड्याच्या पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर तिथे केसांच्या मुळांना कधीतरी इजा झाली आहे. घाव भरला तरी केस पांढरेच उगवतात. मग घोड्यामागे थोड्या उंचीवर उभे राहून दोन्ही खांदे पाहावेत. पुष्कळ घोड्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा भरलेला असतो, आणि हे आधी कळले नाही तर नंतर खोगीर वाकडे का जाते याचा शोध भलतीकडेच घेतला जातो.

खोगीर पहिल्यांदा घाशा न घालता, नुसत्या पाठीवर ठेवावे. थोडे पुढे ठेवून मागे सरकवावे. ते आपल्या जागी आपोआप थांबते. बहुतेक जण ते फार पुढे, खांद्यावरच ठेवतात. सांगाड्याची पुढची टोके खांद्याच्या पात्याच्या मागच्या कडेपासून दोन-तीन बोटे मागे राहायला हवीत. मग खोगिराची पुढची कमान आणि विदर्स यांच्यामध्ये बोटे घालून पाहावीत. स्वार नसताना दोन-तीन बोटे आडवी शिरली तर ठीक. विदर्स वरून मोकळा असतो पण दोन्ही बाजूंनी चेपलेला असतो, असेही होते, म्हणून बाजूंनाही बोट फिरवावे. मागे उभे राहून खोगिराच्या मधल्या फटीतून आरपार पाहावे; पुढून उजेड दिसला पाहिजे. ही फट पुढपासून मागपर्यंत तीन-चार बोटे रुंद असावी. पुढे रुंद आणि मागे निमुळती झालेली फट कण्याच्या कडांना घासत राहते.

यानंतर सर्वांत उपयोगी गोष्ट. एक हात खोगिरावर हलका ठेवून दुसऱ्या हाताचा तळवा उताणा करून गादीखाली सरकवत न्यावा, पुढून मागे. सगळीकडे सारखा दाब लागायला हवा. पुढे बोटे चेपली, मधे हात मोकळा फिरला आणि मागे पुन्हा अडकला तर खोगीर पाठीवर ओढ्यावर टाकलेल्या फळीसारखे दोन टोकांवर टेकले आहे. सगळा भार त्या दोन ठिकाणी. याच्या उलट, मधे टेकून दोन्ही टोकांना उचललेले खोगीर झोके घेते. घोडा दुडक्या चालीने जाऊ लागला की मागचे टोक पाठीवर आपटत राहते. शेवटी बाजूने पाहावे. बैठकीचा सर्वांत खोल भाग मधोमध हवा. पुढची बाजू उचललेली असेल तर बहुधा सांगाडा अरुंद आहे. स्वार मागे घसरतो आणि त्याचे वजन कमरेकडे जाते. पुढची बाजू खाली बसली असेल तर सांगाडा फार रुंद आहे. कमान विदर्सवर येते आणि स्वार पुढे कलंडतो. तंगाचे पट्टे सरळ खाली, घोड्याच्या कोपरामागे छाती जिथे अरुंद होते तिथे यायला हवेत. ते तिथे येत नसतील तर तंग आपल्या सोयीची जागा शोधतो आणि खोगिराला सोबत ओढून नेतो.

एवढे सगळे जमले तरी काम अर्धेच झालेले असते. वर स्वार बसला की पाठ दबते आणि बोटांची जागा कमी होते. हिलरी क्लेटन यांच्यासारख्या चालीच्या अभ्यासकांनी खोगिराखाली दाब मोजणाऱ्या पट्ट्या घालून घोडे चालवले आणि पळवले. अशा मोजमापांतून दिसते की घोडा दुडका चालू लागला की पाठीवर पडणारा जोर स्वाराच्या वजनाच्या दुपटीपेक्षा जास्त होतो, भरधाव जाताना आणखी वाढतो. उभ्या घोड्यावर केलेली तपासणी हे सांगू शकत नाही. म्हणून चालत, दुडकत आणि पळत, डावीकडे आणि उजवीकडे वळत, मागून आणि बाजूने पाहणे भाग आहे. खोगीर पुढे सरकते की मागे, उड्या मारते की स्थिर राहते, एका बाजूला कलते का, हे तेव्हाच कळते. फेरफटका संपला की घाशा उलटून पाहावा. स्वच्छ पांढऱ्या घाशावर घामाचा आणि धुळीचा ठसा दोन्ही बाजूंना सारखा उमटला पाहिजे. घामाच्या पाठीवर मधेच कोरडा राहिलेला ठिपका मात्र सावधपणे वाचावा. तिथे दाब इतका जास्त आहे की घामच आला नाही, असे असेल. किंवा तिथे खोगीर टेकतच नाही, असेही असेल. हात घालून पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये.

दाब किती असला म्हणजे जास्त? इथे आकडे हाती आहेत, पण ते जपून वापरायला हवेत. माणसाच्या शरीरात साधारण ३५ मिलिमीटर पाऱ्याइतका, म्हणजे सुमारे ४.७ किलोपास्कल, दाब दीर्घकाळ राहिला तर कातडीतल्या केशवाहिन्या बंद होतात, हे वैद्यकशास्त्रात जुने आहे. घोड्यांवरच्या अभ्यासांत दुखऱ्या पाठीशी जोडलेली मर्यादा सरासरी सुमारे ११ आणि कमाल ३० ते ३५ किलोपास्कल अशी मांडली गेली आहे. पण त्या पट्ट्या महाग असतात, त्यांची मांडणी प्रयोगागणिक बदलते आणि एखादा टाकासुद्धा कमाल आकडा वर नेतो. अनुभवी हाताला यंत्रांनी मागे टाकले आहे असे म्हणावे इतका पुरावा मला दिसत नाही. यंत्रांनी एक मोठे काम मात्र केले: स्वाराला जाणवत नाही आणि घोड्याला जाणवते, असे काहीतरी खरोखर असते हे त्यांनी दाखवून दिले.

माझ्या मते गेल्या दशकांतला सर्वांत महत्त्वाचा धडा खोगीर सरकण्याच्या अभ्यासातून आला. खोगीर एका बाजूला सरकते म्हटल्यावर सगळे खोगीर वाकडे आहे किंवा स्वार वाकडा बसतो असे धरून चालत. लिन ग्रेव्हे आणि स्यू डायसन या पशुवैद्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळेच दिसले. मागच्या पायाने लंगडणाऱ्या घोड्यांपैकी निम्म्याहून अधिक घोड्यांचे खोगीर एका बाजूला सरकत होते, बहुधा लंगड्या पायाच्या बाजूलाच. पुढच्या पायाने लंगडणाऱ्यांत हे क्वचितच आढळले. मागच्या पायाची दुखरी जागा बधिर करताच लंगडणे थांबले आणि जवळजवळ सगळ्यांची खोगिरे सरळ झाली. म्हणजे वर्षानुवर्षे ज्या घोड्यांसाठी खोगिराच्या एका बाजूला भरण घातले गेले, त्यांतल्या कित्येकांना खरे तर पशुवैद्याची गरज होती. आपल्या क्लबांत असा सूक्ष्म लंगडेपणा सर्रास सुटतो, म्हणून हा निष्कर्ष सईसापासून शिक्षकापर्यंत सगळ्यांना माहीत असायला हवा.

याच डायसन यांनी २०१८ साली स्वारी चालू असताना घोडा दुःख कसे दाखवतो याची २४ लक्षणांची यादी मांडली. कान मागे टाकणे, डोळे अर्धे मिटणे, तोंड उघडे ठेवणे, शेपूट हलवत राहणे, मागचे पाय घसरणे किंवा अडखळणे, वगैरे. त्यांतली आठ किंवा अधिक लक्षणे दिसली तर घोडा बहुधा दुखण्यात आहे असे त्यांचे म्हणणे. खोगीर हे त्यामागचे एकच कारण नसते, पण ही यादी हाती असली की 'हा घोडा नाटकी आहे', 'आडमुठा आहे', 'तंग आवळताना चावायला येतो, खोडच आहे त्याची' असे उद्गार आपोआप कमी होतात. तंग आवळताना चावायला येणाऱ्या घोड्याला पोटात व्रणही असू शकतो, हे इथे सांगून ठेवतो. सगळे पाप खोगिराच्या माथी मारणेही बरोबर नाही. पाठीच्या मणक्यांचे काटे एकमेकांना टेकण्याचा जो विकार आहे त्याबाबतही असेच. तो बऱ्याचदा नेमका बैठकीखालच्या भागात आढळतो, त्यामुळे खोगिरावर संशय जातो. पण घोड्यांच्या पाठीचे अभ्यासक लिओ जेफकॉट यांच्या काळापासून हे माहीत आहे की पाठ मुळीच न दुखणाऱ्या घोड्यांच्या क्ष-किरण चित्रांतही हे काटे टेकलेले दिसतात.

दुरुस्तीकडे वळू. लोकरीचे भरण असलेल्या गादीत सर्वांत जास्त वाव असतो. कारागीर गादीच्या फटीतून लांब दाभणासारख्या अवजाराने लोकर घालतो किंवा काढतो. मागची बाजू उचलायची असेल, एका खांद्याकडची पोकळी भरायची असेल, तर हे काम पाठ पाहत पाहत, तिथल्या तिथे होते. नवी लोकर पहिल्या काही महिन्यांत दबते, म्हणून नव्या खोगिराची पहिली फेरतपासणी लवकर हवी. गाठी धरलेली जुनी लोकर वरून आणखी ठासण्याऐवजी पूर्ण काढून नवी भरावी. फोमच्या गादीत असा वाव फारसा नसतो. सांगाड्याची रुंदी ही वेगळी गोष्ट आहे. काही सांगाडे यंत्रात दाबून थोडे रुंद-अरुंद करता येतात. काही कंपन्यांच्या खोगिरांत पुढची लोखंडी कमान उघडून दुसऱ्या मापाची बसवता येते. क्लबांत अनेक घोड्यांवर एकच खोगीर फिरते तिथे ही सोय चांगली आहे, पण तिने फक्त पुढची रुंदी बदलते. गादीचा उतार आणि सांगाड्याची लांबीतली वळणे आहेत तशीच राहतात. शिवाय 'मीडियम', 'वाइड' ही मापे एका कंपनीची दुसऱ्या कंपनीशी जुळत नाहीत. लेबल पाहून खोगीर घेणारा हमखास फसतो.

खोगिराखाली घालायच्या गाद्यांविषयी स्पष्टच बोलायला हवे. जेल, फोम, मेंढीचे कातडे, नमदा, असे कितीतरी प्रकार बाजारात आहेत. किंचित रुंद खोगीर असेल, घोडा तात्पुरता हडकला असेल, एक खांदा लहान असेल, तर नेमक्या जागी नेमका जाड तुकडा घालून काही महिने चालवता येते. अरुंद खोगिराखाली मात्र जाड गादी घातली की ते आणखी अरुंद होते आणि दाब वाढतो. आपल्याकडे नेमके हेच होते: पाठ लागली की खाली आणखी एक घोंगडी. हा उपाय दयेपोटी केला जातो आणि घोड्याला त्याचा त्रासच होतो.

आता तो सांगाड्याचा वाद. गेल्या काही दशकांत बिनसांगाड्याच्या खोगिरांना पाठीला मोकळीक देणारी म्हणून मागणी आली. क्लेटन यांच्या गटाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेत मात्र बिनसांगाड्याच्या खोगिराखाली कमाल दाब जास्त आणि लहान जागेत एकवटलेला आढळला. भार पसरवणे हे सांगाड्याचे मुख्य काम. तो काढला की स्वाराची बैठक आणि रिकिबीच्या पट्ट्यांची जागा थेट पाठीवर उमटते. हलका स्वार, थोडा वेळ, रुंद पाठ, अशा वेळी ते चालून जाईल. वजनदार स्वार घेऊन डोंगर चढणाऱ्या जनावरासाठी ते योग्य नाही, असे मी म्हणेन. तंगाच्या बाबतीतही २०१३ च्याच एका वेगळ्या अभ्यासाने एक समजूत बदलली: सर्वाधिक दाब छातीच्या तळाशी पडत नाही, कोपराच्या मागे पडतो, आणि तिथे मोकळीक दिलेल्या तंगाने पुढच्या पायांची फेक वाढली.

पाठ बदलते, ही गोष्ट मालकांना सर्वांत अवघड जाते. ग्रेव्हे आणि डायसन यांनी वर्षभर ठरावीक अंतराने घोड्यांच्या पाठींची मापे घेतली आणि ती सतत बदलताना दिसली. वजन, काम, लंगडेपणा, सगळ्याचा परिणाम पाठीवर होतो. फेरफटक्यानंतर पाठ तात्पुरती रुंदावते, आणि खोगीर न बसणाऱ्या घोड्यांत ती तितकी रुंदावत नाही, हेही त्यांना आढळले. यावर स्वस्त उपाय आहे. चित्रकलेच्या दुकानात वाकवता येणारी लवचीक पट्टी मिळते. ती खांद्याच्या पात्यामागे, बैठकीच्या मध्याशी आणि शेवटच्या बरगडीशी पाठीवर दाबून बसवायची, अलगद उचलून कागदावर ठेवायची आणि रेघ मारायची. तारीख लिहायची. दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा. कागद एकावर एक धरले की पाठ कुठे भरली, कुठे उतरली, हे पाहण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही.

आपल्याकडचा घोडा या चर्चेत कुठे बसतो? क्लबांत पुष्कळदा शर्यतीतून निवृत्त झालेली थरोब्रेड जनावरे येतात: उंच विदर्स, शर्यत सुटल्यावर उतरलेला स्नायू. मारवाडी आणि काठेवाडी घोडे छातीने अरुंद. दख्खनच्या भीमथडी तट्टांचा आणि डोंगरी तट्टांचा बांधा वेगळा, पाठ आखूड. प्रौढ माणसाच्या मापाचे खोगीर आखूड पाठीवर शेवटच्या बरगडीच्या मागे जातेच. आणि हे सगळे कानपूरच्या देशात. कानपूरला १८६० च्या दशकापासून सरकारी खोगीर कारखाना होता, तिथल्या खोगिरांना भौगोलिक मानांकन आहे आणि तिथली खोगिरे जगभर जातात. कारागीर आहेत, कातडे आहे, कौशल्य आहे. इंग्लंडमध्ये १९६६ साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ मास्टर सॅडलर्स खोगीर बसवणाऱ्यांना स्वतंत्र प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र देते. आपल्याकडे खोगीर शिवणारा आणि घोडा यांची गाठच पडत नाही. एक कानपुरात, दुसरा माथेरानात.

माथेरानचे नाव मुद्दाम घेतले. मोटारबंदीमुळे दस्तुरी नाक्यापासून पुढे घोडा हे तिथल्या वाहतुकीचे जुने साधन आहे, आणि अश्वपालांची कुटुंबे त्यावर जगतात. तांबड्या मातीचे चढउतार, पावसात भिजलेली खोगिरे, आणि दर फेरीला नवा स्वार: कधी सात वर्षांची मुलगी, कधी नव्वद किलोचे गृहस्थ. चढावर खोगीर मागे सरकते म्हणून पेशबंद, उतारावर पुढे येते म्हणून दुमची. या दोन्हींची गरज डोंगरात असतेच. पण त्यांच्यावरच खोगीर तोलून धरावे लागत असेल तर ते बसत नाही हे उघड आहे. वजनाचा हिशेब तर सरळ आहे. २००८ साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगात घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के ओझे घातले गेले. २५ टक्क्यांपासून पुढे श्रमाची आणि स्नायू दुखण्याची लक्षणे वाढली. विसावर थांबावे, असा घोडदळाचा जुना नियमही होता. २८० किलोच्या तट्टाला त्या हिशेबाने खोगिरासकट ५६ किलो. महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान, सगळीकडे हा आकडा रोज ओलांडला जातो, आणि त्यावर खोगीर अरुंद असेल तर पाठीला सुटका नाही. अश्वपालाला हे कळत नाही असे नाही. हंगाम चार महिन्यांचा, एक घोडा, एक खोगीर, दारात हप्ता. लागलेल्या पाठीला विश्रांती देणे म्हणजे त्या दिवसाची चूल थांबवणे. म्हणून केवळ त्याला बोल लावणारे लेख मला अपुरे वाटतात. ब्रुकसारखी संस्था, जिची सुरुवात १९३४ साली कैरोत जुन्या युद्धघोड्यांच्या सेवेतून झाली आणि जी भारतात वीटभट्ट्यांवरच्या जनावरांसाठी काम करते, तिचा भर मालकाला शिकवण्यावर आहे तो याच कारणाने.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि फार खर्चाचेही नाही. परवान्याच्या वार्षिक तपासणीत पायांबरोबर पाठही हाताने तपासावी आणि पाठीच्या रेघेचा कागद त्या जनावराच्या नावे ठेवावा. पर्यटनस्थळी वजनकाटा ठेवून मर्यादा नगरपालिकेने लावावी. अश्वपालाला गिऱ्हाइकाशी हुज्जत घालावी लागू नये. पशुवैद्यक महाविद्यालयांनी आणि कानपूरच्या कारागिरांनी मिळून तट्टांच्या मापाचा, आखूड आणि लोकरभरणाचा, दुरुस्त करता येणारा एक साधा नमुना तयार करावा. क्लबांनी प्रत्येक विद्यार्थ्याला स्वारीच्या पहिल्या दिवशीच खोगिराखाली हात घालून पाहायला शिकवावे. आणि वाचकहो, पुढच्या सुट्टीत मुलांना घोड्यावर बसवण्याआधी घोडेवाल्याला नम्रपणे विचारा, "दादा, खोगीर जरा उचलून पाठ दाखवता का?" पाठीवर ओली जखम दिसली तर त्या घोड्यावर बसू नका, फेरीचे पैसे मात्र द्या, म्हणजे त्याला दिवसभर उभा ठेवणे त्या माणसाला परवडेल.